बिजल्याची एकादशी

आमच्या वाडीतली वांगी साऱ्या वाशीम गावात चवीला उत्तम, याबद्दल माझ्याकडे एकच दाखला आहे आणि तो वांदरांचा आहे. आजूबाजूला एवढे मळे असताना ती नेमकी आमच्याच वाडीत उतरत. जातीनं आम्ही माळी, त्यातून मी शाळामास्तर. म्हणजे पिकवण्याची विद्या वडिलांकडून आली आणि दरडावण्याची सरकारकडून. वांदरांनी दोन्हींना भीक घातली नाही. मी छडी घेऊन धावलो की ती कुंपणावर चढून बसत आणि हातातलं वांगं शांतपणे संपवून मगच पुढच्या झाडावर जात.

यावर शेजाऱ्यांनी सुचवलेले उपाय मी केले नाहीत असं नाही. बुजगावणं उभं केलं, तर वांदरांनी त्याचं मुंडासं पळवलं. ते मुंडासं माझं होतं, आणि एक वांदर ते डोक्यावर घेऊन शाळेच्या कौलांवर आठवडाभर हिंडत होतं. ‘गुलाबराव मास्तर वर चढले’ असं पोरं म्हणत. मी वर्गात फळ्याकडे तोंड करून उभा राहत असे.

अशा स्थितीत दिवाळी झाल्यावर एका बाजाराच्या दिवशी हेमसिंग नाईक माझ्या दारात उभा राहिला. अनसिंगच्या पलीकडे त्याचा तांडा. तूप आणि सरपण घेऊन तो बाजाराला येई, आणि आमचा जुना घरोबा. त्याच्या मागे त्याची म्हातारी आई कमलीबाई, आणि तिच्या मागे एक कुत्रा. उंच पायांचा, लांब तोंडाचा, पोट पाठीला लागलेलं, फासोळ्या लांबून मोजून घ्याव्यात. डोळे असे, की आपणच काहीतरी चोरलंय असं वाटावं.

“मास्तर, आमी निजामाच्या मोगलाईत चाललो, पोरीच्या सासरी,” हेमसिंग म्हणाला. “तथल्या जहागीरदाराचे शिपाई शिकारी कुत्रं दिसलं का बंदूक चालवते. बिजल्याले तुमच्यापाशी ठेवतो. तो तुमची वाडी राखंन, तुमी त्याले राखा. होळीच्या आंदी घिऊन जातो.”

कमलीबाई कुत्र्याच्या मानेवरून हात फिरवत होती. मग म्हणाली, “याची माय डुकरानं फाडली तवा हा एवढासा व्हता जी. बोटानं बकरीचं दूध चाटवू चाटवू वाढवला म्या. आमची होळीची शिकार याच्या भरवशावर हाये. जसा देऊन राह्यली, तसाच मले वापस पायजे.”

“कमलीबाई, हा माझा शब्द आहे,” मी म्हणालो. “जसाच्या तसा आणून देईन.” मास्तर झाल्यापासून मी घरातसुद्धा पुस्तकी बोलतो. आमच्या मंडळींना, म्हणजे पंचफुलेला, ते आवडत नाही. पण शब्द द्यायला पुस्तकी भाषा बरी पडते.

निघायच्या आदल्या दिवशी कमलीबाईनं मायेपोटी बिजल्याला बकऱ्याचा भलाथोरला वाटा खाऊ घातला होता. तो वाडीत आला, पपईखाली आडवा झाला आणि झोपला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेतून परतलो तर वांदरं त्याच्याभोवती पंगत धरून वांगी खात होती. एक म्हातारी वांदरीण त्याच्या कानातल्या गोचिड्या वेचत होती आणि तो झोपेतच तिला सोयीचं जावं म्हणून मान वळवत होता. मी ओरडलो. वांदरं गेली, तो मात्र उठला नाही.

त्यात नगर कमिटीचा शिपाई येऊन सांगून गेला, की गावात बिनबिल्ल्याचं कुत्रं ठेवता येत नाही. कुत्र्याच्या गळ्यात पितळी बिल्ला पाहिजे. मी कायद्याचा माणूस. सकाळीच बिजल्याला दोरीनं ओढत कचेरीत नेलं. तो कचेरीच्या पायरीवर पोचला आणि तिथंच आडवा झाला.

“कुत्रा कोनाचा?” कारकुनानं विचारलं.

“हेमसिंग नाईकाचा.”

“तो राह्यते कुठी?”

“अनसिंगच्या पलीकडे.”

“म्हंजे हद्दीबाहेरचा. हद्दीबाहेरच्या कुत्र्याले बिल्ला देता येत नाही.”

“मग बिल्ल्याशिवाय ठेवू?”

“बिल्ल्याशिवाय हद्दीत ठेवता येत नाही.”

कारकून चांगला माणूस होता. मी फार वेळ उभा राहिलेला पाहून त्यानंच वाट सुचवली, की कुत्रा स्वतःचा म्हणून लिहून द्या. मी दिलं. मग प्रश्न आला, कुत्रा शौकाचा की राखणीचा? राखणीचा, मी ठणकावून सांगितलं. राखणीचा असेल तर त्याची परीक्षा पाहावी लागते, असा नियम निघाला. शिपायानं काठी आपटत, दात विचकत, पाय वाजवत बिजल्याच्या अंगावर चाल केली. बिजल्यानं एक डोळा उघडला, पूर्ण पाहिलं, आणि मिटला. शिपाई त्याला ओलांडून पलीकडे गेला आणि पुन्हा ओलांडून परत आला. कारकुनानं टाक बुडवला आणि ‘शौकाचा’ असं लिहिलं.

ही बातमी माझ्याआधी शाळेत पोचली. मधल्या सुट्टीत हेडमास्तर जवळ येऊन म्हणाले, “गुलाबराव, अलीकडं शौक करता म्हणे.” वीस वर्षांत पानसुद्धा न खाल्लेल्या माणसाला हे ऐकावं लागलं.

आता हिरालालभाऊंना आणणं भाग आहे. हे आमचे शेजारी. जंगल खात्यात कारकुनी करून पेन्शनीत निघालेले. आयुष्यात वाघ त्यांनी फक्त कागदावर पाहिला. पण कागद पुष्कळ पाहिले असल्यामुळे जनावरांबद्दल शेवटचा शब्द त्यांचा असे. ते कुंपणाशी आले, झोपलेल्या बिजल्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “मास्तर, याच्यात कुत्र्याचा काही दोष नाही. हा खान्याचा दोष हाये.”

“तो कसा?”

“वाघ काय करते? एकडाव खाते आन् दोन दिवस पडते. अजगर गियते आन् महिनाभर पडते. आता गाय पाहा. बैल पाहा. कवाबी पाहा, जागेच. रवंथ करू करू डोये उघडेच. कधी बैल घोरतांनी आयकला तुमी? मास पचवाले आंगातलं सारं बळ पोटात जाते, मंग डोयात काय राह्यते?”

मला एकदम उजेड पडला. मी तो उजेड आणखी पुढे नेला, आणि हे पुढचं पाऊल सर्वस्वी माझं होतं: कुत्र्याला जर गाईचं खाणं दिलं, तर कुत्रा गाईसारखा जागा राहील. हिरालालभाऊ क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले आणि “व्हय, व्हाले पायजे तसं,” म्हणाले. शास्त्रातला एवढा मोठा शोध वाशीममध्ये, वांग्यांच्या वाडीत, दोन माणसांच्या संमतीनं लागला.

घरात अडचण नव्हतीच. पंचफुलेची थोरली बहीण गोजराबाई समोरच राहते. ती माळकरी. तिच्या धाकानं आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. त्या दिवसापासून बिजल्याला ज्वारीची भाकर, ताक, अंबाडीची भाजी आणि वर थोडा हिरवा चारा सुरू झाला. चारा त्यानं हुंगून पाहिला. मग त्यानं मला हुंगून पाहिलं. मग तो भाकरीकडे पाठ करून बसला.

आणि चमत्कार झाला. तिसऱ्या दिवशी बिजल्या जागा होता. चौथ्या दिवशी तो वाडीभर फिरत होता, कुंपणाला तोंड लावून पाहत होता, पानाच्या सळसळीला कान टवकारत होता. वांदरांची टोळी आली तेव्हा तो असा सुटला, की मला फक्त धूळ दिसली. म्हातारी वांदरीण वर चिंचेवर बसून किंचाळत होती. पुढे आठवडाभर वाडीत एक वांदर उतरलं नाही. कमिटीचा शिपाई रस्त्यानं जाताना दिसला तर बिजल्यानं त्याला थेट कचेरीपर्यंत पोचवलं. कारकुनाला बोलावून हे दाखवावं असं मला फार वाटलं.

“शास्त्र खोटं बोलत नाही,” मी पंचफुलेला म्हणालो.

“अवो, तो उपाशी हाये,” ती म्हणाली. “भुकेनं तयमयून राह्यला, मनून जागा हाये. तुमी उपाशी असले तर झोपता काय?”

बायकांच्या मनात दया असते आणि दयेमुळे निरीक्षण बिघडतं, असं मी तिला समजावून सांगितलं. त्याच आठवड्यात वाचनालयाच्या मंडळींनी या मोसमातल्या व्याख्यानासाठी मला विचारलं. मी विषय कळवला: ‘आहार, निद्रा आणि प्राणिमात्र (प्रत्यक्ष प्राण्यासह)’. फलक रंगवून बाजारचौकात लागला. त्यावर माझं नाव बिजल्यापेक्षा मोठ्या अक्षरात होतं, हे मी दोनदा जाऊन पाहिलं.

पण पंचफुलेला ते पाहवेना. मी शाळेत गेलो की ती भाकर दुधात कुस्करून वर तुपाची धार धरायची. दूध-भाकर कुत्र्यानं खाल्ली. मग दहीभात खाल्ला. मग गोजराबाईनं ऐकलं, की कुत्र्यानं मांस सोडलंय, आणि ती ताटलीभर शिरा घेऊन आली. “मागल्या जल्मी हा कोनी साधू असंन माय,” ती म्हणाली आणि त्यानं ताटली चाटून पुसून ठेवलेली पाहून तिनं डोळ्यांना पदर लावला.

तेवढ्यात मार्गशीर्षातली एकादशी आली. आदल्या रात्री कोणाकडे तरी बारसं होतं, तिथली उरलेली पुरणपोळी बिजल्याच्या वाट्याला आली होती. सकाळी गोजराबाईनं त्याच्यापुढं भाकर ठेवली, तर त्यानं तोंड फिरवलं. दुपारी फिरवलं. संध्याकाळीही फिरवलं. पोट तट्ट भरलेलं होतं, दुसरं काही नाही. पण तोवर गोजराबाई आळीत सांगून आली होती, की मास्तरांच्या कुत्र्यानं एकादशी धरली. दिवेलागणीला बायका पाहायला आल्या. गोजराबाईनं आपल्याकडची तुळशीची एक माळ आणून त्याच्या गळ्यात, पितळी बिल्ल्याच्या वर, बांधली. मी तिला अडवायला हवं होतं. पण लोक माझ्याकडेही जरा निराळ्या नजरेनं पाहायला लागले होते. मुंडाशाची गोष्ट निघेनाशी झाली होती. मी माळेची गाठ घट्ट करायला मदत केली.

त्यानंतर आमचं दार वाजायचं थांबेना. कोणी खीर आणलेली, कोणी लाडू, कोणी नवसाचे पेढे. माळकरी कुत्र्याच्या मुखी घास गेला की पुण्य लागतं, हे कोणी ठरवलं कोण जाणे. संक्रांतीला त्यानं इतका तिळगूळ खाल्ला, की तो उठताना आधी मागचा भाग उचले, मग थोडं थांबे, आणि पुष्कळदा विचार बदलून परत बसे. फासोळ्या दिसेनाशा झाल्या. मग मान दिसेनाशी झाली. पुन्हा तो पपईखाली आणि पुन्हा वांदरं वाडीत. या वेळी म्हातारी वांदरीण त्याच्या अंगाला टेकून बसली होती, कारण तो आता मऊ झाला होता.

“झोप लागतीय म्हणजे अन्न मानवतंय,” मी हिरालालभाऊंना म्हणालो.

“पन तुमी तर म्हनत होते, जागा राहीन मनून?”

“मी कुठे? तुम्हीच म्हणालात.”

“म्या वाघाचं सांगतलं, मास्तर.”

व्याख्यान मोडावं असं मनात आलं होतं. पण फलक अजून चौकात होता आणि तो उतरवायचा तर कारण लिहावं लागलं असतं. मी एक युक्ती काढली. व्याख्यानाच्या दिवशी सकाळपासून बिजल्याला काही द्यायचं नाही. भूक लागली की तो जागा राहतो, हे पंचफुलेचं म्हणणं मी तिला न सांगता मान्य केलं. त्या दिवशी मी त्याच्या जवळून हललो नाही. पण वाचनालयापर्यंत त्याला रस्त्यानं न्यावं लागलं, आणि रस्त्यावर भाविक होते.

वाचनालय गच्च भरलं होतं. हेडमास्तर पुढे बसले होते. बिजल्याला टेबलावर सतरंजी घालून तीवर चढवलं. त्याला दोघांनी उचललं. माळ आणि बिल्ला दोन्ही चमकत होते. मी सुरुवात केली: “सज्जनहो, मांसाहारी प्राणी हा स्वभावतः निद्राळू...” आणि बाजूला घुर्र असा आवाज झाला. मी आवाज चढवला: “उलटपक्षी, शाकाहारावर वाढलेला प्राणी हा सदैव सावध...” घुर्र. पुढे मी जे जे वाक्य बोललो त्याला टेबलावरून उत्तर येत गेलं. मागच्या लोकांना वाटलं, की हे असंच बसवलेलं आहे. ते टाळ्या वाजवू लागले. पुढच्यांना खरं कळलं होतं. हेडमास्तरांनी रुमाल तोंडात धरला होता.

शंकासमाधानाच्या वेळी हिरालालभाऊ उभे राहिले. मला वाटलं, साथ देतील. ते म्हणाले, “या शोधाशी माहा काही संबंध नाही, येवढंच मले सभेले सांगाचं हाये.” आणि बसले. शेवटी प्रसादाचे फुटाणे वाटायला सुरुवात झाली तेव्हा बिजल्या खडबडून जागा झाला, टेबलावरून खाली उतरला आणि पहिल्या रांगेपासून शिस्तीनं प्रत्येकाजवळ जाऊन बसला. त्या संध्याकाळी सर्वांत मोठी टाळी त्यालाच मिळाली. मी मागच्या दारानं निघालो. तो मात्र पुढच्या दारानं निघाला आणि दोन घरी जेवून आला.

हे सगळं मी सहन केलं असतं. वाशीमला काय, आज एकाला हसतं आणि उद्या दुसऱ्याला. पण माघ लागला आणि हेमसिंगाचा निरोप आला: ‘आमी आलो. मायनं बिजल्याची आठवन धरली. घिऊन या.’ तो निरोप ऐकल्यावर मी वाडीत गेलो आणि पहिल्यांदाच बिजल्याकडे नीट पाहिलं. ‘जसाच्या तसा,’ असं मी म्हणालो होतो. पपईखाली जे झोपलं होतं ते कमलीबाईचं कुत्रं नव्हतं.

अनसिंगच्या रस्त्यानं चालत न्यायला गेलो तर तो गावाच्या वेशीवरच बसला. शेवटी छकडा केला, तळाशी गवत पसरलं, त्यावर गोणपाट घातलं. पंचफुलेनं वाटेत लागेल म्हणून डब्यात दहीभात दिला. छकडेवाल्यानं आधी मला विचारलं, की कुत्रं आजारी आहे का. मी हो म्हणालो. तेवढंच एक कारण लोकांना सांगण्यासारखं होतं.

तांड्यावर सगळे जमले होते. कमलीबाई पुढे आली आणि तिनं हाक मारली. बिजल्यानं छकड्यातून मान वर केली, शेपूट हलवली; पण उडी मारता येईना. हेमसिंगानं आणि मी त्याला उतरवला. कोणीतरी फिसकन हसलं आणि सगळा तांडा हसायला लागला. हेमसिंगानं मुद्दाम राखून ठेवलेला मांसाचा तुकडा त्याच्यापुढं टाकला. बिजल्यानं तो हुंगला, मागे सरला, माझ्या पायाशी येऊन बसला आणि माझ्या हातातल्या डब्याकडे पाहू लागला. हसून हसून माणसं खाली बसली.

कमलीबाई हसली नाही. ती वाकली आणि त्याच्या कुशीवरून दोन्ही हात फिरवू लागली. पुष्कळ वेळ फिरवले.

“मास्तर,” ती म्हणाली, “याच्या फासोया कुठी गेल्या?”

मी शाळेत विचारतो ते सगळे प्रश्न सोपे असतात हे मला तेव्हा कळलं. मी म्हणालो, “आम्ही त्याला काही कमी पडू दिलं नाही, कमलीबाई.”

“ते दिसून राह्यलं जी.” तिनं त्याच्या गळ्यातली माळ पाहिली. हिसका न देता, मणी न तुटू देता, तिनं गाठ सोडली आणि माळ माझ्या हातात ठेवली. “हे देवाचं हाये, तुमीच न्या. त्यानं कबूल केलं नव्हतं.”

मला राग आला असता तर बरं झालं असतं. परतताना दहीभाताचा डबा मांडीवर होता. छकडेवाल्यानं विचारलं, “तुमी तं जेवलेच नाही, मास्तर?” मी मान हलवली आणि तोंड दुसरीकडे केलं. माळ गोजराबाईला परत दिली तेव्हा तिला सांगितलं, की दोरा जुना झाला होता. घरी पंचफुलेनं डबा तसाच भरलेला पाहिला आणि धुवायला नेला.

पुढे बाजारात हेमसिंग भेटायचा. मी दिसलो नाही असं करून तो बिचारा तूप मोजत राहायचा, आणि तो दिसला नाही असं करून मी जिरं घेत राहायचो. घरात जिरं फार साठलं. शिवरात्र उलटल्यावर मात्र तो स्वतःहून माझ्याकडे आला. तोंडभर हसत होता.

“मास्तर, बिजल्या लायनीवर आला. मायनं उपाशी ठेवला, रोज आपल्यासंगं रानात पयवला. आता तं पयल्याहून चपय झाला. होळीच्या शिकारीले या पाहाले. तुमचंबी मन हलकं होईन.”

माणसाच्या मनाचा भलेपणा पाहून मला गहिवरून आलं. ‘तुमचंबी मन हलकं होईन,’ असं तो म्हणाला होता. म्हणजे ते जड आहे हे त्याला कळत होतं. मी जायचं ठरवलं.

“नोका जाऊ,” पंचफुला म्हणाली. “झालं तेवढं पुरे नाही झालं काय?”

“एकदा त्याला धावताना पाहिलं की झालं,” मी म्हणालो. माझ्या डोळ्यांपुढे होती ती कमलीबाई. बिजल्यानं ससा धरलाय, तिनं माझ्याकडे पाहिलंय आणि मी आता मान वर केली तरी चालेल. एवढ्याचसाठी मी पहाटे उठून छकडा केला.

रान पळसानं लाल झालं होतं. तांड्यावरची सगळी माणसं उतारावर पसरली होती, बायकांच्या घागऱ्यांवरचे आरसे उन्हात चमकत होते. सगळ्यांत पुढे कमलीबाई, आणि तिच्याजवळ दोरीला धरलेला बिजल्या. खरोखर तोच पहिला बिजल्या. पोट पाठीला, फासोळ्या लांबून मोजता येतील अशा. मी मुद्दाम मागे एका बाभळीशी उभा राहिलो, मध्ये मध्ये करायला नको म्हणून.

हाकारा झाला. वाळल्या तुराट्यांतून एक मोठा ससा निघाला आणि कमलीबाईनं दोरी सोडली. बिजल्याचं नाव बिजल्या का आहे ते मी त्या दिवशी पाहिलं. तो जमिनीला लागतच नव्हता. ससा वळला की तो वळे, आणि प्रत्येक वळणाला अंतर कमी होत होतं. माणसं ओरडत होती. मीही ओरडत होतो, पुस्तकी भाषा विसरून, “धर बिजल्या, धर त्याले!” ससा माझ्या बाजूला वळला. बाभळीपासून वीस-पंचवीस हातांवर आला. बिजल्याचं तोंड त्याच्या पाठीला लागायचंच बाकी होतं.

तेवढ्यात बिजल्याला मी दिसलो.

त्याचे पाय एकदम सैल पडले. तो धावायचं सोडून चालायला लागला. शेपूट हलवत माझ्यापाशी आला, माझा हात हुंगला, धोतराचा सोगा हुंगला. मग तोंड पूर्ण उघडून एक जांभई दिली, माझ्या पायांवर अंग टाकलं आणि डोळे मिटले. ससा थोडा पुढे जाऊन थांबला. तोही पाहत होता.

कोणी हसलं नाही. तांडा हसत होता तो दिवस त्यामानानं बरा होता. मी वाकून बिजल्याला हलवलं, “ऊठ रे, ऊठ बाबा,” असं पुन्हा पुन्हा म्हणालो. त्यानं झोपेतच माझा हात चाटला. हेमसिंग जवळ येऊन उभा राहिला आणि जमिनीकडे पाहत राहिला.

मग कमलीबाई आली. तिनं बिजल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर राग नव्हता. तिनं माझ्या पायांवरून त्याचं डोकं अलगद उचलून आपल्या हातावर घेतलं, मी पाय काढून घ्यावेत म्हणून.

“मास्तर,” ती म्हणाली, “तुमी चांगले मानसं हाये. पन आता घरी जा जी. तुमी हाये तवर हा उठनार नाही.”

मी निघालो. छकडा लांब होता आणि रान मोकळं, लपायला जागा नव्हती. सगळ्यांच्या देखत ते सगळं चालावं लागलं. मी नाल्यापर्यंत पोचलो असेन तेव्हा मागून एकदम आरडाओरडा उठला. बायका ओरडत होत्या, “गेला, गेला, बिजल्या गेला!” आणि वाळल्या पानांतून काहीतरी वाऱ्यासारखं सुटल्याचा आवाज आला.

मला फार पाहावंसं वाटलं. पण मी मागे वळलो नाही. मी वळलो असतो, तर तो पुन्हा झोपला असता.